पूरदारावरची खाच

किलियान श्रेंक, त्यांचे चिरंजीव बुर्कहार्ट आणि बुर्कहार्टचे चिरंजीव ऑर्टव्हीन या तीन पिढ्यांनी आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात ओकच्या लाकडाची पिंपे घडवली, आणि माइन नदीच्या दोन्ही काठांवरच्या तळघरांत वाइन मुरली ती त्यांच्याच पिंपांत. चौथा वेंडेलिन. त्याने आयुष्यात एकही पिंप घडवले नाही. तो परगावच्या पाहुण्यांना गाव दाखवतो.

काळा झगा, गळ्यात शिंग, हातात कंदील अशा जुन्या काळच्या रात्रपहारेकऱ्याच्या वेषात तो रोज संध्याकाळी बाजारातल्या कारंजापासून निघतो आणि आमच्या कोळ्यांच्या गल्लीत येऊन माझ्या खिडकीखाली उभा राहतो. खिडकी लावून घेणे मला अवघड नाही. परंतु ती लावली तर ऐकणारी बाई वरमली असा अर्थ निघेल, म्हणून ती मी थंडीतही उघडी ठेवते.

"ही 'अस्वल' खानावळ," वेंडेलिन सांगू लागतो. "मालकीण वर खिडकीत बसल्यात. हात हलवू नका, त्यांना आवडत नाही. तर या मालकीणबाईंचे सासरे, बाल्थासार हाउक, कुठं जन्मले माहीत आहे? खानावळीत नाही. आमच्याकडे."

पाहुणे हसतात. मग तो पूरदाराची हकीकत सांगतो, आणि ती खरी आहे म्हणूनच मला अधिक लागते.

पहिल्या महायुद्धाच्या काही वर्षे आधी नदीवरचा बर्फ एका रात्रीत फुटला आणि पाणी गल्लीत शिरले. तेव्हा आमची खानावळ आजच्यासारखी दगडी जोत्यावर नव्हती. खालची भिंत खचली. वरच्या मजल्यावर माझ्या आजेसासूबाई कळा देत होत्या. या गल्लीत दोन घरांच्या सामाईक भिंतीत, वरच्या मजल्यावर, एक बुटके दार, म्हणजे पूरदार, ठेवण्याची जुनी रीत आहे. त्याला दोन्ही अंगांनी कड्या असतात, आणि दोन्ही निघाल्याशिवाय ते उघडत नाही. ज्याला गरज आहे त्याने आपली कडी आधी काढून तीनदा ठोकायचे, आणि पलीकडच्याने एकही प्रश्न न विचारता उघडायचे. त्या दिवशी आमच्या बाजूने ठोकले गेले आणि किलियान श्रेंकांनी उघडले. आजेसासूबाईंना चादरीत घालून पलीकडे ओढून नेले. पहाटे सासरे जन्मले. पाणी उतरेपर्यंत अख्खे हाउक कुटुंब श्रेंकांच्या भांड्यात जेवले.

नंतर किलियाननी रीतीप्रमाणे दाराच्या आपल्या अंगाला एक खाच पाडली. जे पूरदारातून मिळाले ते पूरदारातूनच परत करायचे असते, आणि ते परत झाले की ज्याचे येणे होते त्याने स्वतःच्या हाताने ती खाच रंधा मारून काढायची असते. दुसरी वाट नाही. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर प्रत्येक नाताळाला श्रेंकांकडे कार्प मासा पाठवला. मासा ठेवून घेतला जाई, पण ताट दरवेळी परत आले ते त्याहून जड काहीतरी घालून.

आणि पूरदार केव्हाही ठोकायचे नसते. श्रेंकांच्या घराच्या कोपऱ्यावर, माणसाच्या उंचावलेल्या हाताइतक्या उंचीवर, पुलांचे राखणदार संत नेपोमुक मूर्तिरूपाने उभे आहेत. पाणी त्यांच्या पायाला लागले तरच, नाहीतर आग लागली तरच. त्या पुरानंतर पाणी कधी पायाला लागले नाही. खाच तशीच राहिली.

गेल्या शरद ऋतूपर्यंत वेंडेलिनची आई वालबुर्गा शेजारच्या खिडकीत बसत असे. नव्वदी उलटलेली. मुलगा हकीकत सांगताना एखादा तपशील गाळू लागला की ती वरून ओरडे, "वेंडेलिन, खाच राहिली सांगायची." पाहुणे पुढे गेले की मान माझ्याकडे वळे.

"काय अस्वलीणबाई, तुमच्याकडे आमचं काहीतरी राहिलंय हो."

"पाणी येऊ दे. देते."

"पाण्याची वाट बघता बघता दोघीही जाऊ."

"तू पुढे हो. तू मोठी आहेस."

हे संभाषण आम्ही साठ वर्षे केले. मी या गल्लीत सून म्हणून आले त्या पहिल्याच रविवारी तिने कारंजापाशी सर्वांसमक्ष तेच वाक्य मला ऐकवले होते, आणि मी तेव्हाच ठरवले होते की हे देणे फेडल्याशिवाय मी मरणार नाही.

नाताळानंतर वालबुर्गा अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी थोडेच दिवस उरल्याचे सांगितले आणि नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात खाट मिळवून देतो म्हणाले. तिने नकार दिला. "गल्लीतून बाहेर नेऊ नकोस" एवढेच तिने मुलाकडे मागितले, आणि त्याने शब्द दिला. मागणे फार नव्हते. पण आमच्या गल्लीत तेवढेही अवघड झाले आहे. घरे रंगवलेली, तुळयांवरची जुनी अक्षरे सोन्याने गिरवलेली, खिडक्यांतून लाल फुले. प्रत्येक दारापाशी आकडे फिरवून उघडायची किल्लीची डबी, कारण घरे आठवड्याच्या भाड्याने पाहुण्यांना जातात. जानेवारीत पाहुणे नसतात. तेव्हा गल्लीत दोनच धुराडी धुरावतात, त्यांचे आणि आमचे.

नदी चढू लागली तशी मी स्वतः श्रेंकांकडे गेले. "आईला आमच्याकडे आण," मी वेंडेलिनला म्हटले. "वर लाकडाची शेगडी आहे. तुमचं घर खालचं आहे."

उत्तर आतल्या खोलीतून आले. "रस्त्यानं आले तर मी पाहुणी. अस्वलात पाहुणी म्हणून नाही मरायची मी."

"मर म्हणून कोण बोलावतंय? ऊब घ्यायला ये."

"दारातून बोलव, येते."

दारातून बोलावणे माझ्या हातात नव्हते. बोलावणे तिच्या बाजूने यायला हवे होते, आणि त्यासाठी पाणी.

पाणी दुसऱ्या दिवशी गल्लीत शिरले. आमच्याकडे पाणी येणार हे नक्की झाले की तळघराची दारे आपणच उघडून द्यायची असतात. पाण्याला वाट दिली नाही तर ते खालून फरशी उचलते आणि घराची कंबर मोडते. माझ्या मुलाने, लोथारने, आमची तळघरे उघडली. वेंडेलिननेही आपली उघडली. त्यांचा घर तापवायचा बंब तळघरातच होता, तो बुडाला. दुपारी वीजही गेली. लाकडाची शेगडी त्यांच्याकडे केव्हाच राहिली नव्हती.

थोड्या वेळाने अग्निशमन दलाचा प्रमुख गेर्नोट होडी घेऊन आला आणि श्रेंकांच्या जिन्याच्या खिडकीला लागला. मी माझ्या खिडकीतून सारे ऐकत होते.

"आजींना खाली घे वेंडेलिन. पलीकडे शाळेच्या व्यायामशाळेत खाटा टाकल्यात, डॉक्टर आहे."

"आई गल्लीतून जाणार नाही."

"गारठून मरतील."

"गेर्नोट," मी म्हटले, "खिडकीशी बाई आहे. टोपी काढून बोल."

त्याने टोपी काढली. लहानपणी माझ्या स्वयंपाकघरात भाजलेले बटाटे खाऊन वाढलेला तो मुलगा आहे. "काकू, माझा इलाज नाही. अंधार पडायच्या आत पुन्हा येतो. पुलाचा रस्ता त्यानंतर बंद होणार. तोवर घर गरम नसलं तर मी त्यांना उचलून नेणार, आणि त्या वेळी मी कोणाचं ऐकणार नाही."

होडी वळली. अंधार पडायला फार वेळ नव्हता.

मी वरच्या मजल्यावर गेले, पूरदारासमोर खुर्ची ठेवून बसले. पलीकडून वालबुर्गाचा खोकला ऐकू येत होता, आणि वेंडेलिनची पावले. ती जिन्याच्या खिडकीपर्यंत जात, थांबत, परत येत. तो संतांचे पाय पाहायला जातो हे मला न सांगता कळत होते. लोथार मेणबत्ती घेऊन आला.

"आई, तू उघड ना आपल्या बाजूनं."

"मागितल्याशिवाय दार उघडणं म्हणजे शेजाऱ्याला भिकारी म्हणणं. आणि त्यांची कडी लागलेली आहे."

"मग हाक तरी मार."

हाक मारायला रीतीची आडकाठी नव्हती. मी दाराशी तोंड नेले. "वेंडेलिन."

पावले थांबली. "काकू?"

"पाणी कुठवर आलं?"

"पायाला चार बोटं कमी. मघापासून तिथंच आहे. चढत नाही."

"आई?"

"हातपाय गार पडलेत. होत्या नव्हत्या तेवढ्या रजया घातल्या. आता बोलत नाही जास्त."

"मग ठोकत का नाहीस?"

 "काकू, वीस वर्षं मी लोकांना कंदील दाखवून सांगतोय, पाणी पायाला लागलं तरच. चार बोटं कमी असताना ठोकलं तर पणजोबांचं दार काय राहिलं? मग ते नुसतं लोकांना दाखवायचंच दार. आणि आईला तसं नेलं तर तिला कळेल. तिला सगळं कळतं."

लोथार माझ्याकडे पाहून हताशपणे मान हलवू लागला. परगावच्या माणसाला हा वेडेपणा वाटेल. मला वाटला नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही ठोकले नसते. आणि तेवढ्यात, चार बोटे हा शब्द मनात घोळत असताना, मला गवंडी आठवला.

"वेंडेलिन, संतांची मूर्ती दुरुस्त केली तेव्हा तू कुठं होतास?"

"हाम्बुर्गला. गोदीत कामाला."

"तुझे वडील तेव्हा वारले होते. मी खाली उभी होते. पाहुणे जाता येता शुभ म्हणून मूर्तीच्या पायाला हात लावायचे, पायाची बोटं झिजून गुळगुळीत झाली होती. म्हणून नगरपालिकेनं मूर्ती चांगली वीतभर वर चढवली, हात पोचू नये म्हणून. मी त्या गवंड्याला म्हटलं, पाय हलवू नकोस, या पायावर दोन घरांचं दार चालतं. तर म्हणतो, बाई, आता कुठला पूर."

मी दाराशी आणखी सरकले.

"मूर्तीखाली भिंतीत दोन भोकं असतील, जुन्या खिळ्यांची. त्यानं ती बुजवली नाहीत. दुपार झाली म्हणून माझ्याकडे बिअर प्यायला पळाला, तो परत त्या भिंतीकडे गेलाच नाही. भोकं जिथं आहेत तिथं खरे पाय होते."

"भिंत पाण्याखाली आहे, काकू."

"हात आहे ना तुला? मी सांगते म्हणून मानू नकोस. जा, हात घालून बघ."

पावले गेली. जिन्याची खिडकी उघडल्याचा आवाज आला, वारा भिंतीपलीकडून शीळ घालत गेला. लोथारची मेणबत्ती थरथरली. मी दाराच्या फळीवर तळहात टेकवून बसले होते, आणि कधी नव्हे ती देवाकडे काही मागत होते. मागणे वालबुर्गाच्या प्राणासाठी नव्हते, ते जाणारच होते. दोन भोके भिंतीत असू देत, एवढेच मागत होते.

पावले परत आली. त्यांच्याबरोबर थेंब गळत होते.  मग पलीकडची कडी एका झटक्यात सरकली. दरवर्षी ईस्टरच्या आधी मी आमच्या कडीला तेल घालते. ते काम कोणी पाहू नये म्हणून स्वतः करते. त्यांच्या कडीलाही कोणी तेल घालीत होते, हे मला त्या आवाजावरून कळले.

तीनदा ठोकले गेले.

मी कडी काढली. प्रश्न विचारला नाही. वेंडेलिन वाकून उभा होता, उजवी बाही खांद्यापर्यंत भिजून काळी झालेली, बोटे चुन्याने पांढरी.

"आहेत," तो म्हणाला. "दोन्ही आहेत."

लोथारने आणि त्याने वालबुर्गाला गादीसकट उचलले. दार बुटके असल्याने दोघांना गुडघ्यांवर यावे लागले. मी मेणबत्ती धरली होती. माझ्या आजेसासूबाई चादरीतून ज्या उंबऱ्यावरून गेल्या, त्याच उंबऱ्यावरून ती उलट दिशेने आली. वजन असे काही उरले नव्हते तिला. शेगडीजवळच्या माझ्या स्वतःच्या पलंगावर मी तिला निजवले, पायांशी तापवलेल्या विटा फडक्यात गुंडाळून ठेवल्या, आणि लवंग घातलेली गरम वाइन चमच्याने तिच्या ओठांना लावली.

गेर्नोट शब्दाप्रमाणे आला. मी खिडकी उघडली. "आजारी माणूस माझ्या घरात आहे. घर कोरडं आहे, लाकूड भरपूर आहे. तू बाकीच्यांकडे जा."

"काकू, पण त्या तुमच्याकडे आल्या कुठून? होडी तर माझ्याकडेच."

"ज्या वाटेनं यायला पाहिजे त्या वाटेनं."

त्याने श्रेंकांच्या कोपऱ्याकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले, आणि टोपी काढून, पुन्हा घालून निघून गेला.

वालबुर्गाने डोळे उघडले तेव्हा शेगडी चांगली पेटली होती. तिने छताकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तुझं छत ठेंगणं आहे गं," ती म्हणाली.

"तुझ्या डोक्याला लागत नाहीये ना?"

"रस्त्यानं आणलंस का दारातून?"

"दारातून. वेंडेलिननं ठोकलं, मी उघडलं."

"चार बोटं कमी होतं पाणी."

"मूर्ती वर चढवलीये. भोकं तपासली त्यानं."

तिच्या तोंडाच्या कडेला हसू आले. "मला माहीत होतं. मूर्ती चढवली तेव्हा मी खिडकीतच होते."

मी चमचा खाली ठेवला. "माहीत होतं, तर मुलाला का नाही सांगितलंस? दिवसभर गारठत पडलीस."

"मी कशी सांगणार? देणं तुझं. मी सांगितलं असतं तर ती वसुली झाली असती. वसूल केलेलं कसलं फिटतं?" ती दम खात थांबली. "तुला आठवतंय का ते बघत होते. म्हटलं, अस्वलीण म्हातारी झाली, विसरली वाटतं."

"मी काही विसरत नाही."

"हो गं बाई. तेच तर." तिने हात माझ्या हातावर ठेवला. तो हात गरम होत नव्हता. विटा, वाइन, शेगडी, कशानेच नाही. "आता माझं एवढंच काम राहिलं. तेवढं तुझ्या घरात करते, म्हणजे बरोबर होईल."

त्यानंतर ती फारसे बोलली नाही. वेंडेलिन पायांशी बसला होता. सकाळी, खिडकीत करडा उजेड आला आणि गल्लीतले पाणी काचेसारखे स्थिर दिसू लागले, तेव्हा वालबुर्गा श्रेंक माझ्या पलंगावर वारली. मी घड्याळ थांबवले, आरशावर कापड टाकले आणि जाणाऱ्या जिवासाठी खिडकी उघडली. माणूस गेल्यावर वाजायची ती चर्चची घंटा विजेवर चालते, त्यामुळे ती वाजणार नव्हती.

"काकू," वेंडेलिन म्हणाला, "शिंग घरी आहे. वाजवू का?"

"वाजव. पण पाहुण्यांसाठी वाजवतोस तसं नको. सरळ एक सूर."

तो दारातून पलीकडे गेला, शिंग घेऊन आला आणि खिडकीत उभा राहून एक लांब सूर काढला. गल्लीभर बंद खिडक्या आणि किल्ल्यांच्या डब्या होत्या. कोणीही खिडकी उघडली नाही. उघडायला कोणी नव्हतेच. सूर पाण्यावरून पुलाकडे गेला आणि विरला.

पाणी ओसरेपर्यंत वालबुर्गा आमच्या घरात होती. तिला धुतले मी, तिचे केस मी विंचरले. वेंडेलिन आमच्या भांड्यात जेवला. चिखल निघाला, दफन झाले, आणि त्यानंतरच्या रविवारी तो वरच्या मजल्यावर, दाराच्या आपल्या बाजूला, पणजोबांचा रंधा घेऊन उभा राहिला. दार तेव्हाही उघडेच होते. मी काठी टेकत पलीकडे गेले. एवढ्या वर्षांत ती खाच मी प्रथमच पाहिली. मला ती मोठी वाटली होती. प्रत्यक्षात ती अंगठ्याच्या पेराएवढी होती, आणि कोणीतरी वरचेवर बोट फिरवून तिच्या कडा गुळगुळीत केल्या होत्या.

"तुमचे सासरे आमच्याकडे जन्मले," वेंडेलिन म्हणाला. "आई तुमच्याकडे गेली."

"हो."

"हे आता लोकांना सांगू का, काकू?"

"सांग. अर्धं सांगत होतास, आता पूर्ण सांग. आणि संतांचे खरे पाय कुठं होते तेही."

त्याने कधी पिंप घडवले नव्हते, पण रंधा त्याच्या हातात नीट बसला. ओकची पातळ सालपटे वळत वळत माझ्या बुटांवर पडली. हात फिरवून त्याने फळी पाहिली, मला हात फिरवू दिला.

"काही राहिलं नाही," तो म्हणाला. रीतीप्रमाणे हे त्याने आधी म्हणायचे होते.

"काही राहिलं नाही," मी म्हटले.

मी आमच्या बाजूला परत आले. त्याने त्याची कडी सरकवली, मी माझी. सालपटे मी उचलून आणली होती. ती शेगडीत टाकली. नंतर खिडकीत जाऊन बसले. शेजारची खिडकी बंद होती. साठ वर्षे ज्या वाक्याचा मला राग येत होता, ते कोणी म्हणते का म्हणून मी तिथे अंधार होईपर्यंत बसून राहिले. कोणी म्हणाले नाही. म्हणण्यासारखे काही उरलेच नव्हते. हाउक घराण्याकडे श्रेंकांचे आता काहीही येणे नाही.